गायरान देताना शेळ्यांना कुणी विचारात घेतले नाही

रात्री दोन वाजता आलेल्या लाईटवर उसाला दारं धरायला जाणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरातले माणूस बॅटरी घेऊन बांधावर उभे राहिले आहे त्यालाच कळते. माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षे ते केले आणि ते परत येईपर्यंत आईचा डोळा लागत नसे. म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांना दिवसा वीज मिळणार, याचा मला मनापासून आनंद झाला आणि तो आजही कायम आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर हाती घेतलेल्या या योजनेत उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभारून तिथली वीज जवळच्याच शेतीच्या फीडरला दिली जाते. कल्पना उत्तम आहे.

माझा आक्षेप जमीन ज्या रीतीने मिळवली जाते त्याला आहे. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. खासगी मालकाने ती दिली, तर त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. गायरानाच्या सातबाऱ्यावर मात्र शासनाचे नाव असते, त्यामुळे ते नाममात्र भाड्याने देता येते. ज्यांची जनावरे पिढ्यानपिढ्या तिथे चरली, त्यांचे नाव कोणत्याच कागदावर नसते. प्रकल्प झाला की ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षे मिळतात; ते गटारीला लागतात, शाळेच्या भिंतीला लागतात, पण शेळीच्या पोटात त्यातला घास जात नाही.

आमच्या गावात गायरान प्रकल्पाला देण्याचा विषय ग्रामसभेच्या अजेंड्यावर नव्हताच. तो ‘ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात घेतला गेला, सभेला मोजकी माणसे होती, आणि हजेरीच्या वहीतल्या बऱ्याच सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या गेल्या. माझ्या घरीही वही आली होती. मी पुण्याला होतो, वडिलांनी विश्वासाने सही केली. वाडीतल्या एका मावशींच्या अकरा शेळ्या आहेत. त्यांना ही गोष्ट कळली ती कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणताना पाहिले तेव्हा. ओढ्याकडे जाणारी जुनी पायवाट कुंपणाच्या आत गेली आहे. मावशी मला एवढेच म्हणाल्या, ‘‘निदान जनावरांपुरती वाट तरी सोडायची हुती.’’

ज्या माळाला आपण पडीक म्हणतो, तिथे पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत असते आणि मेंढपाळांचे वाडे उतरतात. गावांच्या सामायिक जमिनींचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. आणि महाराष्ट्राला तर हा प्रश्न शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हाही वीज पाण्यावरचीच होती, तिला धूर नव्हता. ती मुंबईला जायची होती आणि भातखाचरे मावळ्यांची बुडायची होती. आज निदान वीज आपल्याच शेताला मिळते आहे, हा फरक मी मान्य करतो; पण ज्याच्याकडे ना ऊस आहे ना पंप, फक्त शेळ्या आहेत, त्याच्यासाठी तो फरक कोणता?

सौरऊर्जेला विरोध करणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल, म्हणून गप्प बसावे असे मला अनेकांनी सुचवले. मला ते पटत नाही. विचारून, वाट सोडून, चराईसाठी दुसरी जागा ठरवून हाच प्रकल्प उभा राहिला असता, तर दोन महिने उशीर झाला असता, इतकेच.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेसाठी मी गावी जाणार आहे. मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखवावे आणि ओढ्याची वाट कुंपणाबाहेर काढावी, असा लेखी अर्ज ग्रामसेवकांकडे दिला असून त्याची पोच घेतली आहे. मावशींना सभेला नेण्याची जबाबदारी वडिलांनी स्वतःहून घेतली आहे.