ग्लेन नुसता बसून होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनच्या ‘फ्रेंडशिप ७’ या अंतराळकुपीवरच्या लेखावर तुम्ही चांगलंच झोडपलं आहे, त्यामुळे दोन ओळींत भागणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ग्लेनने २० फेब्रुवारी १९६२ला पृथ्वीभोवती फिरून जे केलं ते त्याआधी तीन महिने एनॉस नावाच्या चिंपांझीने करून दाखवलं होतं, सगळं यंत्रच करत होतं, ग्लेन प्रवासी होता, उष्णतारोधक कवचाला काहीच झालं नव्हतं, तरी त्या प्रकरणाचा बाऊ केला गेला, ८८ मिनिटांच्या तीन प्रदक्षिणा म्हणजे साडेचार तासही होत नाहीत, मग ४ तास ५५ मिनिटं आली कुठून, आणि एवढं करून कुपी ठरल्या जागेच्या ६४ किलोमीटर अलीकडे पडली.

आधी गणित उरकू, कारण ते सोपं आहे. घड्याळ उड्डाणापासून चालू होतं, कक्षेपासून नव्हे. कुपी वर नेणाऱ्या ॲटलास रॉकेटचं इंजिन ५ मिनिटं १ सेकंदाने बंद झालं. तिथून साडेअठ्ठ्याऐंशी मिनिटांच्या तीन फेऱ्या धरल्या की ४ तास ३० मिनिटांच्या आसपास पोचतो. पण तेवढ्या वेळात पृथ्वी पूर्वेकडे सुमारे ६८ अंश फिरलेली असते. म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने तीन फेऱ्या पूर्ण झाल्या तेव्हा खाली उड्डाण झालं ते फ्लोरिडा नव्हतं, कॅलिफोर्नियाच्या पश्चिमेचा पॅसिफिक होता. दोन-तीन मिनिटांनी, ४ तास ३३ मिनिटांना, रेट्रोरॉकेटं (वेग कमी करून कुपी खाली आणणारी रॉकेटं) पेटली, आणि तिथून अटलांटिकमध्ये पाण्यावर टेकेपर्यंत आणखी बावीस मिनिटं व जवळजवळ पाच हजार किलोमीटर. जमले ४ तास ५५.

आता एनॉस. उड्डाणाची पहिली पाच मिनिटं ग्लेन प्रवासी होता, हे शंभर टक्के मान्य. किंबहुना ‘मर्क्युरी’ कुपी (‘फ्रेंडशिप ७’ त्यांपैकीच एक) रिकामी उडवता येईल अशीच बनवली होती. सप्टेंबर १९६१ मध्ये तिच्यात माणसाच्या जागी श्वासोच्छ्वासाची नक्कल करणारं यंत्र बसवून एक फेरी मारून झालीही होती. पण एनॉसच्या उड्डाणाचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. २९ नोव्हेंबर १९६१च्या त्या उड्डाणात तीन फेऱ्या ठरल्या होत्या, झाल्या दोन. नळीत धातूचा कीस अडकून एक थ्रस्टर (कुपीचं तोंड वळवणारा छोटा झोत) बंद पडला. कुपी ठरल्या रोखापासून भरकटायची, स्वयंचलित यंत्रणा तिला ओढून परत आणायची, ती पुन्हा भरकटायची, आणि दर खेपेला इंधन जायचं. शेवटी जमिनीवरून उड्डाण चालवणाऱ्या ख्रिस क्राफ्टने अगदी आयत्या वेळी दुसऱ्या फेरीअखेरच तिला उतरवायचा निर्णय घेतला. 

ग्लेनच्या पहिल्या फेरीअखेर, मेक्सिकोच्या वरती, थेट तसाच बिघाड झाला. कुपीला डावी-उजवीकडे वळवणारा एक छोटा थ्रस्टर दाब देईना. हे थ्रस्टर हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालत: द्रव उत्प्रेरक जाळीवर पडला की त्याची तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होऊन तोंडातून बाहेर फेकला जातो. तोंड एवढं बारीक की जाळीचा तुकडाही ते बुजवायला पुरे. स्वयंचलित यंत्रणेकडे बारीकसारीक दुरुस्तीसाठी १ पाउंड जोराचे आणि मोठ्या वळणासाठी २४ पाउंड जोराचे थ्रस्टर होते. छोटा गेला की कुपी सेकंदाला दीड अंशाने उजवीकडे सरकत राहायची, २० अंशांपर्यंत गेली की मोठा थ्रस्टर दणका देऊन तिला मागे आणायचा, की पुन्हा तेच. हे चालू दिलं असतं तर इंधन पुरलं नसतं, आणि एनॉसप्रमाणे ग्लेनलाही लवकर बोलावून घ्यावं लागलं असतं.

ग्लेनने हाताची दांडी धरली. कधी विजेच्या तारांवाटे स्वयंचलित यंत्रणेचेच थ्रस्टर वापरले, कधी स्वतंत्र टाकी आणि यांत्रिक जोडणी असलेली मानवी यंत्रणा. पुढे डावीकडचा थ्रस्टर पुन्हा चालू लागला, तर उजवीकडचा बसला. रोख दाखवणारे काटे आणि खिडकीबाहेर दिसणारं क्षितिज यांचा मेळ बसेना, तेव्हा त्याने खिडकीवर विश्वास ठेवला. उरलेल्या दोन फेऱ्या त्याने बहुतांशी अशाच काढल्या, आणि रेट्रोरॉकेटं पेटताना स्वयंचलित यंत्रणेच्या जोडीला दांडी हातात होतीच.

या रोखाला एवढं महत्त्व का, ते तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर या पुढच्या अंतराळवीराच्या उड्डाणात दिसलं. रेट्रोरॉकेटं पेटताना त्याची कुपी सुमारे २५ अंश बाजूला वळलेली होती. त्यामुळे जोर वेग कमी करण्यात पूर्ण लागला नाही. शिवाय पेटायला तीन सेकंद उशीर, म्हणजे सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या वेगाने तेवीस किलोमीटर तिथेच गेले. रॉकेटांचा जोरही किंचित कमी पडला. सगळं मिळून तो ठरल्या जागेच्या सुमारे ४०० किलोमीटर पुढे पडला. सगळ्यांत मोठा वाटा त्या २५ अंशांचा होता.

कवचाच्या बाबतीत मात्र तुमची तक्रार मला चुकीच्या माणसांवर रोखलेली वाटते. कवचाला काही झालं नव्हतं हे खरं. पण ते कळलं कुपी हाती आल्यावर. कवच आणि कुपी यांच्यामध्ये रबरी कापडाची पिशवी घडी करून ठेवलेली असे. पॅराशूट उघडल्यावर कवच सुटून सुमारे १.२ मीटर खाली लोंबायचं, पिशवीत हवा भरायची आणि पाण्यावर आपटण्याचा दणका ती झेलायची. दुसऱ्या फेरीत जमिनीवर ‘सेगमेंट ५१’ हा संकेत आला, म्हणजे कवच आत्ताच सुटलं आहे. स्विचचा दांडा सैल होता म्हणून तो खोटा संकेत आला होता. पण कक्षेत चढून तपासणार कोण?

कवचावर तीन धातूच्या पट्ट्यांनी रेट्रोरॉकेटांचा गठ्ठा बांधलेला होता. एरवी रॉकेटं विझली की तो टाकून देत. तो तसाच ठेवला तर पट्ट्या जळेपर्यंत कवच जागेवर राहील, आणि तोवर हवेचा दाबच त्याला कुपीला चिकटवून धरेल, असा मोहिमेचे एक प्रमुख वॉल्टर विल्यम्स यांचा विचार. रचनाकार मॅक्स फॅजेटने अट घातली: तिन्ही रॉकेटं पुरती जळलेली हवीत, नाहीतर उष्णतेने स्फोट होईल. क्राफ्टला हे पटलं नव्हतं. गठ्ठ्यामुळे कुपी अस्थिर होईल किंवा कवचच बिघडेल, ही त्याची भीती होती. दोन्ही बाजूंना तथ्य होतं. मला खटकतं ते वेगळंच: ग्लेनला खरं कारण सांगितलं नाही. जमिनीवरची एकामागून एक संपर्ककेंद्रं त्याला पिशवीचा स्विच कुठल्या स्थितीत आहे एवढंच विचारत राहिली. चाचणीवैमानिकाला एवढ्यावरून काय ते समजणारच.

आणि इथे तुमचा ‘प्रवासी’ पुन्हा कामाला लागला. पुढचा स्वयंचलित क्रम गठ्ठा सुटल्याच्या संकेतावर अवलंबून होता. तो संकेतच येणार नाही म्हटल्यावर पेरिस्कोप हाताने आत ओढावा लागला, आणि वातावरण लागलं की कुपीला स्वतःभोवती सावकाश फिरवणारा ०.०५ जीचा (१ जी म्हणजे पृथ्वीवर जाणवतो तेवढा भार) टप्पा त्यालाच बटण दाबून सुरू करावा लागला. मग चार मिनिटांहून जास्त काळ रेडिओ बंद. खिडकीवर पट्टीचा सुटलेला तुकडा फडफडत होता, जळते तुकडे बाजूने जात होते, आणि ते गठ्ठ्याचे की कवचाचे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. सर्वाधिक भार ७.७ जी. त्यानंतर कुपी झोके घेऊ लागली, दोन्ही टाक्यांतलं इंधन संपलं, आणि तो छोटं पॅराशूट हाताने उघडणार तेवढ्यात ते साडेआठ किलोमीटरवर आपणहून उघडलं.

राहिले ६४ किलोमीटर. त्याचा ग्लेनच्या कौशल्याशी काडीचा संबंध नाही. उड्डाणात वापरून संपणाऱ्या गोष्टींमुळे कुपी हलकी होत जाते, आणि तेवढाच जोर हलक्या कुपीचा वेग जास्त कमी करतो, म्हणून ती अलीकडे पडते. जमिनीवरच्या हिशेबात ही वजनातली घट धरलीच नव्हती. ‘नोआ’ या विनाशिकेच्या टेहळ्यांना पॅराशूट उतरतानाच दिसलं होतं, त्यामुळे ती सतरा मिनिटांत शेजारी येऊन उभी राहिली. ग्लेन आतच राहिला आणि कुपी त्याच्यासकट डेकवर उचलली गेली. वरच्या तोंडातून बाहेर यायचा बेत होता, पण आत इतकं उकडत होतं की त्याने बाजूचा दरवाजा स्फोटक बोल्टांनी उडवला. त्या बटणाच्या उलट धक्क्याने बोटांची सालं निघाली, तेवढीच काय ती इजा.