भाड्याची गाडी परत कशी करावी

घोडबंदर रोडवरच्या एका सेल्फ-ड्राइव्ह ऑफिसच्या काउंटरवर बसून जे शिकलो, ते फुकट वाटतोय. गिऱ्हाईक म्हणजे देव. परवा सोमवारी देव येऊन गेले, तेव्हापासून हात शिवशिवतायत.

सुरुवात बुकिंगपासून. लायसन्स घरी विसरा. डिजिलॉकर चालेल म्हटलं की पासवर्ड विसरा. मग मेहुण्याचं लायसन्स पुढे करा.

काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं बघून नाक मुरडा. लग्नात चारचौघांत उतरायचंय, पांढरी पाटीच हवी म्हणा. खाजगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे असं सांगितलं, तर "पुढच्या नाक्यावरचा देतो की!"

डिपॉझिट हा तुमच्या खानदानाचा अपमान आहे.

नेताना गाडीचे फोटो काढायला सांगितले, तर "विश्वास आहे हो" म्हणा. परत आणताना विश्वास संपलेला असतो.

एक्स्प्रेसवेवरची १०० ची मर्यादा इतरांसाठी असते. चलान मालकाच्या नावावर येतं, तेही तुमचं डिपॉझिट परत गेल्यावर.

काटा रिझर्व्हवर? पंप बंद होते म्हणा. पनवेलपासून ठाण्यापर्यंत, सगळे.

आता मुख्य धडा. कुठे जाताय ते खरं सांगू नका. आमच्या देवांनी 'लोणावळा, एक रात्र, फॅमिली' असं लिहून दिलं. गाडीत जीपीएस आहे हे करारात ठळक छापलंय, पण करार काय वाचायचा असतो? शनिवारी दुपारी स्क्रीनवरचा टिपका वडखळहून अलिबागकडे वळला. संध्याकाळी नागावच्या किनाऱ्यावर. म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावर नव्हे, वाळूत. मग आणखी थोडा पुढे. मग तीन तास तिथेच. भरती कुणाची ओळखपाळख बघत नाही ना! रविवारी रात्री नऊला यायची गाडी सोमवारी साडेअकराला आली. मॅटखाली वाळू, सीटखाली कोलंबीची सालं, बंपर दोराने ओढून वाकलेला. "हे आधीपासूनच होतं." वाळूसुद्धा? "लोणावळ्याला पाऊस होता हो." पावसातून वाळू पडते, हे आम्हाला शाळेत शिकवायचं राहिलं. मग "तू मला ओळखत नाहीस". मग नगरसेवकाला फोन. तो उचलला नाही, म्हणून आम्हाला एक स्टार.

बरं, आता सरळच बोलतो. खारं पाणी वरून पाइप मारला की जात नाही हो. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क, खालची वायरिंग, सगळ्याला गंज धरतो. उद्या घाटात ती गाडी दगा देईल तेव्हा स्टिअरिंगवर तुम्ही नसाल, दुसरंच कुणीतरी असेल. त्या सकाळी आठला तीच गाडी एका कुटुंबाला चिपळूणला साखरपुड्याला न्यायची होती. मुलीचे वडील परड्या मांडीवर घेऊन आमच्या बाकावर बसले होते आणि तुमचा फोन बंद. काय सांगायचं मी त्यांना? शिव्या मी खाल्ल्या, दुसरी गाडी मी शोधली. गाडी धुणारा पोरगा वाकून हाताने वाळू काढत होता, त्याला "एवढं काय त्यात" म्हणालात. तुमच्या पोराच्या वयाचा आहे तो! दिवसाचं भाडं भरलंत, माणसं विकत नाही घेतलीत. जराशी तरी लाज बाळगा.

आणि डिक्कीत तुमची ओली चप्पल राहिलीय. एकच, डाव्या पायाची. घेऊन जा.