भिंतीला टेकलेला संसार

घराच्या मधोमध आपलं काहीच नसतं, हे स्कर्टिंग बसवायला घेतल्याशिवाय कळत नाही. मधे फार तर एक टीपॉय आणि त्याला ठेचकाळणारे आपण. बाकी कपाट, दिवाण, फ्रीज, देव्हारा, धान्याच्या कोठ्या, कपडे वाळत घालायला घेतलेली व्यायामाची सायकल, सगळी मंडळी भिंतीला पाठ लावून बसलेली. आणि स्कर्टिंगची पट्टी लागते ती नेमकी भिंतीच्या पायथ्याशी.

मुळात आम्हाला फक्त फरशी बदलायची होती. जुनं मोझेक फोडलं तर राडारोडा चार मजले उतरवा आणि खालच्यांची बोलणी खा. म्हणून मोझेकवरच व्हिट्रिफाईड टाइल्स टाकायचं ठरलं. टाकल्या, आणि घर जवळजवळ इंचभर वर आलं. दारं अडायला लागली, ती सुताराकडून खालून तासून घेतली. जुनं स्कर्टिंग मात्र तेवढंच बुडालं आणि नव्या फरशीपुढे बुटकं दिसायला लागलं. तेव्हा नवीन हवंच.

कागदावर हे काम अगदी किरकोळ दिसतं. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर 44 फूट. दाराचे तीन वजा जाता 41. 600 मिमीच्या एका टाइलमधून जवळजवळ दोन फुटी सहा पट्ट्या निघतात, म्हणजे खोलीला चार टाइल्स पुष्कळ झाल्या. (पट्टी चार इंची म्हणायची. कटरचं पातं प्रत्येक कापात आपला वाटा खातं, त्यामुळे हातात येते 97 मिमीची. पण मिस्त्रीला असं मोजून दाखवायचं नसतं, तो चहा अर्धवट टाकून उठतो.) तर या चार टाइल्ससाठी लोखंडी कपाट हलवायचं.

कपाट रिकामं केल्याशिवाय हलत नाही आणि आई ते रिकामं करू देत नाही. शेवटी पायांखाली गोणपाट सारून भरलेलंच ओढलं. मागे एक कंगवा निघाला, गंजलेले सेल निघाले, आणि एक लग्नपत्रिका. त्या जोडप्याचा मुलगा यंदा बारावीला आहे.

"साहेब, कपाटामागं कोण बघतंय? तेवढं सोडून देऊ," मिस्त्री म्हणाला.

"झुरळं बघतात," आई म्हणाली.

पट्टी लागली.

मग प्रश्न आला, "बाहेर ठेवू का भिंतीत घेऊ?" बाहेर ठेवलं तर पट्टीच्या डोक्यावर धूळ बसते आणि कपाट भिंतीपासून बोटभर लांब राहतं. भिंतीत घ्यायचं तर प्लास्टर कापावं लागतं. आम्ही धुळीला घाबरून 'भिंतीत' म्हणालो. मग कटर सुरू झाला आणि वर्षभराची धूळ एका दुपारी मिळाली. झाकण लावलेल्या डब्यातले पोहेसुद्धा दाताखाली कचकचायला लागले. सोसायटीत दोन ते चार ठोकाठोकी बंद. त्यामुळे मिस्त्री दोनला जेवायला बसायचा आणि चारला चहा मागायचा.

खरी अब्रू गेली ती भिंतीचा सरळपणा बघायचा पाटा लावल्यावर. मिस्त्रीने सहा फुटी पाटा भिंतीला आडवा धरला, एका डोळ्यानं पाहिलं आणि मला खुणेनं वाकायला लावलं. दोन्ही टोकांना पाटा आणि भिंत यांच्यामधून उजेड येत होता. "भिंतीला पोट आहे," तो म्हणाला. मग काटकोन बघायला कोपऱ्यात गुण्या ठेवला. तो एका बाजूला टेकला की दुसरी बाजू सोडायचा. या भिंतीवर माझं इतक्या वर्षांचं प्रेम, पण ती सरळ नाही हे कोणी सांगितलं नव्हतं. तिरकेपणा व्हाइट सिमेंटनं झाकायचं ठरलं. फरशीच्या सांध्यावर पट्टीचा सांधा यायला हवा हा माझा हट्ट होता. तो तिसऱ्या टाइललाच सरकला, आणि आता माझी नजर जेवतानाही तिथेच जाते. पाहुणे झुंबराचं कौतुक करतात.

काम संपलं. पट्ट्यांच्या वर भिंतभर सिमेंटचे हात आणि कटरचे ओरखडे उरले, म्हणून रंगारी बोलावला. त्याने एकवार सगळीकडे पाहिलं.

"रंग होईल. पण सामान सगळं मधे घ्यावं लागेल."

आई पदर खोचून उठली. "घेऊ की. कपाटामागे दोन हात मारणार ना?"