रिकामा हॉल, ढेकूण आणि बिनव्याजी हप्ते : नांदेडच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि रागाची आहे. मुलीच्या काळजीपोटी आलेल्या रागाला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होणं बरं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. पुण्यात पहिली नोकरी लागलेल्या मुलामुलींनी भाड्याचा वन बीएचके ४० हजारांत कसा लावावा, यावर मी लिहिलं होतं. काकांची मुलगी खराडीत नोकरीला लागलीय, मैत्रिणीबरोबर फ्लॅट घेतेय, आणि तिनेच तो लेख बाबांना पाठवला. काकांचं म्हणणं असं : "लोकांच्या घरातलं जुनं सामान म्हणजे ढेकणांना आमंत्रण. आमची पोरगी जमिनीवर झोपणार का? हॉलमध्ये सोफा नाही, टीव्ही नाही, आलेला माणूस काय म्हणेल? आजकाल बिनव्याजी हप्त्यावर एका दिवसात घर लागतं. तुमचं सगळं झालंय, म्हणून तुम्हाला काटकसर सुचते."

शेवटच्या वाक्यावर वाद घालत नाही. माझ्या घरी सोफा आहे, आणि या घडीला त्यावर घड्या न घातलेले कपडे बसलेत.

ढेकणांची भीती मात्र अगदी रास्त आहे. म्हणूनच जुनं काय घ्यायचं आणि काय फुकट मिळालं तरी उचलायचं नाही, हे लेखात वेगवेगळं लिहिलं होतं. गादी, उशी, सोफा, कुशनची खुर्ची, कापड लावलेला पलंग, यातलं काहीही जुनं घ्यायचं नाही. "घर चार महिने बंदच होतं हो" असं विकणाऱ्याने सांगितलं तरी फरक पडत नाही, कारण ढेकूण महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. ऊन दाखवूनही भरवसा नाही. पन्नास अंशांच्या पुढची उष्णता आतपर्यंत पोचली तर तो मरतो, पण गादीच्या पोटात आपलं अंगणातलं ऊन तेवढं शिरत नाही. लोखंडी कॉटच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतता येतं, सोफ्यात कसं ओतणार?

जुन्यात घ्यायचं ते लोखंड, स्टील आणि खरं लाकूड. आणि घेताना लाजायचं नाही. कॉट सरळ उलटी करायला लावायची. आडव्या पट्ट्या जिथे पायांना नटबोल्टने जोडल्यात तिथे मोबाइलचा टॉर्च मारायचा. पाइपांची उघडी तोंडं, वेल्डिंगच्या फटी, स्क्रूची रिकामी भोकं, प्लायची खालची कड, सगळं बघायचं. पेनाने टिंबं दिल्यासारखे काळे ठिपके पुंजक्याने दिसले की समजायचं, इथे वस्ती आहे किंवा होती. जुनं एटीएम कार्ड फटीतून ओढून बघायचं, काही सरपटत बाहेर आलं की नमस्कार करून निघायचं. कॉट स्वच्छ निघाली तरी वरची प्लाय नवीच कापून घ्यायची. ८ बाय ४ च्या एका शीटमधून ६ बाय ३ चा तुकडा निघतो, दुकानदारच कापून देतो, आणि उरलेल्या पट्टीच्या स्वयंपाकघरात फळ्या होतात.

एवढं करण्यापेक्षा नवंच का नको, असं तुम्ही म्हणाल. जरूर घ्या, पण स्वस्तातलं नवं कशाचं असतं ते पाठीमागून बघा. ऑनलाइन दिसणारी देखणी कपाटं आणि टेबलं बहुतेक पार्टिकल बोर्डची असतात. लाकडाचा चुरा डिंकासारख्या रसायनात दाबून केलेली फळी, वर लाकडाच्या रंगाचा कागद. फरशी पुसताना पाणी लागत राहिलं की तिचा पायथा फुगतो. एकदा उकलून पुन्हा जोडली की स्क्रू धरत नाहीत. स्वतःच्या घरात एका जागी दहा वर्षं उभं राहायचं असेल तर ते चालून जाईल. तुमच्या मुलीचा करार मात्र अकरा महिन्यांचा असणार, आणि पुढच्या घरी जाताना छोटा हत्ती आणि मजल्यामागे पैसे घेणारे हमाल हे दोन्ही त्या कपाटाच्या वाट्याला येणार आहेत. जुनं पत्र्याचं कपाट, ज्याला आपण सरसकट गोदरेजचं कपाट म्हणतो, चार घरं बदलून पोचा आला तरी उभं राहतं. विकायला काढलं तर भंगारवालासुद्धा किलोवर पैसे देतो.

आता मुलगी जमिनीवर झोपणार का, हा प्रश्न. माझं उत्तर : सुरुवातीला खुशाल झोपू दे, पण चांगल्या गादीवर. संपूर्ण घरात पैसे सैल सोडावेत अशी एकच वस्तू आहे आणि ती गादी. माझ्या हिशेबात सोफ्याला शून्य रुपये होते आणि गादीला सगळ्यात मोठा वाटा होता, हे तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतंय. गादीवाल्याकडून करून घ्यायची तर समोर उभं राहून कापूस वजन करून भरायला लावा, आणि नवा कापूस की जुना पिंजलेला हे आधी विचारा. दोन्ही विकले जातात, भाव वेगळे असतात. टाके जवळजवळ घालायला सांगा, नाहीतर वर्षभरात कापूस कोपऱ्यांना पळतो आणि मधे खड्डा पडतो. फोमची घ्यायची तर नुसत्या जाडीवर जाऊ नका, घनता विचारा. जाड पण हलका फोम लवकर बसतो.

जमिनीवरची गादी पावसाळ्यात मात्र चालत नाही. जूनपासून पुढे फरशीला गारवा धरतो, खालून ओल शिरते, आणि आठवडाभर उचलली नाही तर गादीच्या खालच्या बाजूला बुरशीचे डाग पडतात. म्हणून कॉट पावसाआधी यायला हवी. तोपर्यंत खाली चटई, वर सतरंजी, आणि रोज सकाळी गादी उचलून भिंतीला उभी. हा शेवटचा भाग पोरं करत नाहीत, हे मला माहीत आहे. फोन करून आठवण करा.

हप्त्यांवर मात्र माझं तुमच्याशी अजिबात जमणार नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना लिहून कळवलेलं आहे. आज 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणून जे मिळतं त्यात बँक व्याज लावतेच, तेवढीच रक्कम विक्रेता किमतीतून वजा करून दाखवतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्या खिशातून जातो, वर प्रोसेसिंग फी. ६० हजारांचं सामान बारा महिन्यांवर घेतलं आणि बँकेचा दर १५ टक्के धरला, तर व्याज साडेचार हजारांच्या पुढेमागे आणि त्यावरचा कर आठशेच्या आसपास. तुम्ही म्हणाल, आठशेसाठी काय एवढं? कबूल, आठशे गेले तर जाऊ देत. माझा आक्षेप महिन्याला जाणाऱ्या पाच हजारांवर आहे. नोकरी नवी, प्रोबेशन चालू, डिपॉझिट आणि ब्रोकरेज भरून हात आधीच रिकामे. त्यात कंपनी बदलली किंवा मैत्रीण फ्लॅट सोडून गेली, तरी हप्ता थांबत नाही. शिवाय करार अकरा महिन्यांचा आणि हप्ते बारा! घर सुटलं तरी त्या घरासाठी घेतलेल्या सोफ्याचा एक हप्ता राहिलेलाच.

(भाड्याने फर्निचर मिळतं, तेही काहींनी सुचवलंय. सहा महिन्यांसाठी शहरात आलेल्याला ठीक. वर्षाच्या पुढे राहायचं असेल तर भाड्याची बेरीज करून मग ठरवा.)

आलेला माणूस काय म्हणेल? काका, दोन मुलींच्या फ्लॅटवर येणारा माणूस म्हणजे बहुतेक त्यांच्याच वयाच्या मैत्रिणी, आणि त्या सोफा असला तरी खालीच बसतात. गादीवर स्वच्छ चादर, भिंतीला दोन लोड. आपल्याकडे वाड्यांतून बैठक अशीच असायची आणि त्यावर मोठमोठी माणसं बसून गेली. गुडघेदुखीवाल्या आत्यांसाठी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुरतात, आणि पंखा पुसायला चढायलाही त्याच कामी येतात. हॉल महिना-दोन महिने रिकामा राहिला की ऊन कुठे येतं, प्लग कुठे आहेत, आपण जेवतो कुठे, हे कळतं. मग टेबल कुठे ठेवायचं ते आपोआप ठरतं.

काही गोष्टी मी जुन्यात घेऊ देणार नाही, त्याही सांगते. गॅसची नळी आयएसआय खुणेची नवीच हवी आणि पाच वर्षांनी बदलायची. कुकर जुना चालेल, पण रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवे. पंखा घरमालकाने दिलेला नसेल तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बघा : साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, हा तीसेक. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. आणि पडदे पहिल्या दिवशी लागले पाहिजेत, मग ते जुन्या साडीचे का असेनात. भिंतीला भोक पाडायच्या आधी मालकाला मेसेज करून होकार लेखी घ्या, डिपॉझिट परत घेताना पहिला वाद तिथेच होतो.

लग्नातला लाकडी सोफा टेम्पोने पाठवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. नका पाठवू. नांदेडहून टेम्पोचं भाडं, सोसायटीची लिफ्टची कटकट, आणि अकरा महिन्यांनी पुन्हा तेच. त्याऐवजी ट्रॅव्हल्सच्या डिकीत मावेल ते पाठवा : लोखंडी ट्रंक (वर गोधडी टाकली की बसायला बाकडं, आत हिवाळी कपडे), घरच्या दोन गोधड्या, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा, टेस्टर, पक्कड. गॅसचं कनेक्शन व्हायला वेळ लागेल, तोपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. नोंदणी केलेला भाडेकरार हातात आला की त्यावर मोठं कनेक्शन.

कॉटसाठी तुम्ही स्वतः येणार असाल तर बुधवार किंवा रविवार धरून या, मंगळवार पेठेतला जुना बाजार त्याच दिवशी भरतो. त्याआधी मुलीला सोसायटीच्या ग्रुपवर विचारायला सांगा, घर सोडून जाणारे लोक चांगलं सामान निम्म्याहून कमीत देतात आणि तेही त्याच लिफ्टने खाली-वर होतं. भांडी तुळशीबागेत, कड्या-हुक-खिळे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. आणि निघायच्या आधी बेडरूमच्या दाराची रुंदी मोजून घ्यायला सांगा. कॉट उभी-आडवी करून आत जाईल, कपाट तसं वळत नाही.