ते क्वार्ट्झ नाही, वाळवीच्या लेंड्याच आहेत

कुडाळहून आलेली कमेंट वाचली. तुमचं म्हणणं, दगड झालेल्या लाकडाच्या फोटोत मी दाखवलेले सहा बाजूंचे दाणे म्हणजे क्वार्ट्झ (गारगोटीचं खनिज), कारण क्वार्ट्झ सहा बाजूंचाच असतो. आणि वाळवी माती करते, लेंड्या टाकत नाही, हे कोकणात कुणालाही विचारा. मुद्दे बिनतोड वाटतात म्हणूनच सविस्तर लिहितोय.

आधी वाळवी. मातीच्या नळ्या करत भिंतीवर चढते ती खरंच असे दाणे टाकत नाही, पण सुक्या लाकडातच मुक्काम ठोकणारी दुसरी जात असते, तिला जमिनीशी काही देणंघेणं नाही, आणि जुन्या कपाटाखाली रव्यासारखा ढीग पडतो, झाडला तरी परत पडतो, तो तिचा. आमच्या देवगडच्या घरी माजघराच्या चौकटीखाली पडलेला मी भिंगाखाली धरला: दाणा मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी, लांबट, टोकं गोलसर, आणि अंगावर सहा उभ्या, जराशा खोलगट बाजू. ही वाळवी लेंडीतलं पाणी पिळून शरीरातच ठेवते, त्या दाबाने हा आकार येतो. मऊ विष्ठा दगड कशी होईल असं विचारलंत ना, तर ती मऊ नसतेच, कोरडी आणि टणक पडते, आणि लाकूड गाडलं गेल्यावर सिलिका (गारगोटी ज्याची बनते ते द्रव्य) घेऊन झिरपणारं पाणी लाकडासारखंच तिच्यातही मुरतं.

आता क्वार्ट्झ. पोकळीत तो भिंतीला धरून वाढतो, टोक आतल्या बाजूला, टोकदार, बाजू सपाट, कडा धारदार, एक खडा मोठा तर शेजारचा बारका. माझ्या तुकड्यात सगळे दाणे एका मापाचे, वाट्टेल तसे पडलेत, काप आडवा गेला तिथे षटकोन दिसतो आणि उभा गेला तिथे लांबट गोल, मधली जागा नंतर अगेटने, म्हणजे अकीकाने, भरलीये. शिवाय ती पोकळी लाकडाच्या रेषा तोडत आडवी गेलीये, लाकूड वाळताना पडणारा तडा सहसा असा जात नाही, ती कुरतडलेलीच आहे. हा काही माझा एकट्याचा शोध नाही हो, टेक्ससच्या बिग बेंड भागात डायनोसॉरच्या काळातल्या लाकडात वाळवीची घरं लेंड्यांसकट सापडल्याचं १९८६ सालीच प्रसिद्ध झालंय.

तुमच्याकडच्या तुकड्यात करंगळीएवढ्या पांढऱ्या कडेच्या नळ्या आहेत म्हणालात, त्या मात्र वाळवीच्या नाहीत. होड्यांचे तळ पोखरणारा तो समुद्री जीव, दिसतो अळीसारखा पण आहे शिंपल्यांच्या कुळातला, तो बोगद्याला आतून चुन्याचं अस्तर लावतो आणि शेजाऱ्याचा बोगदा शक्यतो टाळत वळतो. नळ्या एकमेकींना न कापता वळत गेल्या असतील तर त्याच्याच, म्हणजे ते लाकूड गाडलं जाण्याआधी खाऱ्या पाण्यात होतं. कडेवर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, फसफसलं तर मूळचा चुना अजून शिल्लक असू शकतो, नाही फसफसलं तरी निराश होऊ नका, बऱ्याचदा त्या चुन्याची जागाही सिलिकाने घेतलेली असते.