रवांडाच्या आकड्यांवर तुम्ही घेतलेल्या हरकतींबद्दल

नमस्कार ताई,

तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं होतं. दोन परिच्छेद झाले आणि पुसून टाकले. उत्तर कमी, वकिली जास्त होत होती.

‘बायकांच्या बाबतीत रवांडा आपल्या पुढे’ या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: संसदेतल्या बायका शोभेच्या आहेत, आकडे सरकारनेच काढलेले आहेत, आणि ‘मी नकळत एका हुकूमशहाची फुकट जाहिरात केली’. शेवटचं वाक्य झोंबलं, कारण ते पूर्णपणे खोटं नाही.

आधी संसद. रवांडाच्या 2003च्या राज्यघटनेने निर्णयाच्या जागांवर किमान 30 टक्के बायका हव्यात असं ठरवलं. कनिष्ठ सभागृहाच्या 80 जागांपैकी 24 बायकांसाठी राखीव आहेत, आणि त्या थेट लोकांच्या मतांनी भरत नाहीत. स्थानिक परिषदा आणि महिला परिषदांचे सदस्य मतदान करतात. बाकीच्या बायका पक्षांच्या याद्यांमधून येतात. 2008 साली 45 बायका निवडून आल्या आणि बायकांचं बहुमत असलेलं ते जगातलं पहिलं सभागृह ठरलं. 2018 साली हा आकडा 49 होता, 2024 साली 51. हे सगळं मी लेखात कौतुकाने लिहिलं. जे लिहिलं नाही, ते आता लिहितो.

याच बहुमताच्या संसदेत 2009 साली कामगार कायदा झाला. त्याआधी बाळंतपणाची 12 आठवड्यांची रजा पूर्ण पगारी होती. नव्या कायद्यात पहिले 6 आठवडेच पूर्ण पगारी राहिले. बाई त्यानंतरही घरी थांबली तर 20 टक्के पगार. नंतर त्यासाठी विमा योजना आणून ही चूक दुरुस्त केली, पण त्यात 2016 उजाडलं. आणि 2017 साली डियान र्विगारा ही बाई राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहू पाहत होती. तिचा अर्ज फेटाळला, काही आठवड्यांनी तिला अटक झाली, आणि निर्दोष सुटायला पुढच्या वर्षीचा डिसेंबर लागला. त्या निवडणुकीत आधीपासून सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे जवळपास 99 टक्के मतांनी जिंकले. तेव्हा खुर्च्या मोजून सत्ता मोजता येत नाही, हा तुमचा मुद्दा बिनशर्त कबूल. आपल्याकडच्या ‘सरपंचपती’ प्रकरणानंतर तरी मला हे कळायला हवं होतं.

दुसरी चूक तुम्ही पकडली नाहीत, म्हणून मीच सांगतो. मी जागतिक आर्थिक मंचाच्या लिंगभेद निर्देशांकातला क्रम दिला होता: 2017 साली रवांडा चौथा, भारत 108वा. हा निर्देशांक स्त्री आणि पुरुष यांच्यातलं अंतर मोजतो, दोघं कुठे उभे आहेत ते मोजत नाही. घरात नवराही अर्धपोटी आणि बायकोही अर्धपोटी असेल तर या मोजपट्टीवर त्या घराला पैकीच्या पैकी गुण. दरडोई वार्षिक उत्पन्न आजही हजार डॉलरच्या आसपास असलेल्या देशाचा क्रम एवढा वर कसा, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

त्यातही घोडं पेंड खातं ते ‘रोजगारातल्या बायका’ या रकान्यात. तिथली बहुसंख्य बाई शेतात राबते: घेवडा, रताळी, ज्वारी, केळी, आणि बरंचसं पीक घरीच खाल्लं जातं. जुन्या व्याख्येत हा रोजगार होता, त्यामुळे रवांडात काम करणाऱ्या बायकांचं प्रमाण जगात सर्वांत वरच्या देशांत दिसायचं. 2013 साली कामगार-सांख्यिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्याख्या बदलली: मुख्यतः स्वतःच्या घरासाठी पिकवणं हे काम आहे, पण रोजगार नाही. रवांडाने 2016पासूनच्या श्रमबल पाहणीत ही व्याख्या घेतली आणि बायकांचा आकडा धाडकन पुरुषांच्या खूप खाली आला. बाईच्या पाठीवरचं पोर तेच, हातातली कुदळ तीच. माझ्या लेखातला आकडा जुन्या व्याख्येचा होता आणि मी तसं सांगितलंही नव्हतं.

पण ‘आकडे सरकारी, म्हणजे सगळेच खोटे’ हे मी मानणार नाही. गरिबीच्या आकड्यांबद्दल मी तुमच्या बाजूचा आहे. 2013-14च्या पाहणीत गरिबी 44.9 वरून 39.1 टक्क्यांवर आली असं सरकारने जाहीर केलं, तेव्हा गरजेच्या वस्तूंच्या ज्या टोपलीवरून गरिबीची रेषा ठरते, ती टोपलीच बदललेली होती. जुन्या टोपलीने हिशेब केला तर गरिबी वाढलेली निघते, असं अभ्यासकांनी दाखवलं. त्यावरचा वाद अनेक वर्षं चालला. माता-मृत्यूचं तसं नाही. ते आकडे ज्या आरोग्य पाहणीतून येतात ती डझनावारी देशांत एकाच पद्धतीने होते. घरोघरी बाईला तिच्या बहिणींबद्दल विचारतात: किती होत्या, किती गेल्या, बाळंतपणात गेली का. या पद्धतीत आकडा चुकण्याची फट मोठी असते, मान्य. पण 2000 साली एक लाख जिवंत जन्मांमागे 1,071, 2010 साली 476 आणि 2019-20 साली 203 एवढी घसरण त्या फटीत मावत नाही. दवाखान्यात होणारी बाळंतपणं 2005 साली 28 टक्के होती, 2014-15 साली 91.

हे कसं झालं? गावोगावचे आरोग्य स्वयंसेवक, ज्यांतली एक बाई खास गरोदर बायकांकडे बघायची. ‘म्युच्युएल’ नावाचा गावपातळीवरचा आरोग्य विमा. दवाखान्यांना कामगिरीनुसार पैसे. आणि हो, धाकही. जिल्ह्यांचे महापौर दरवर्षी राष्ट्राध्यक्षांसमोर ‘इमिहिगो’ नावाच्या करारावर सही करायचे, उद्दिष्टं चुकली तर जाब द्यावा लागायचा, आणि घरी बाळंत झालेल्या बायकांना दंड केल्याच्याही बातम्या आहेत. ज्या दंडुक्याला तुम्ही नावं ठेवता, त्याचाही या आकड्यात वाटा आहे. मला हे आवडत नाही. पण वाचलेल्या बायका खऱ्या आहेत.

मूळ लेखात ज्यावर सगळ्यात जास्त लिहायला हवं होतं, त्यावर मी दोनच ओळी खरडल्या: जमीन. 1994 साली तिथे झालेल्या तुत्सी समाजाच्या नरसंहारानंतर हजारो विधवा आणि अनाथ मुली सासर-माहेरच्या जमिनीसमोर रिकाम्या हाताने उभ्या होत्या, कारण रूढीप्रमाणे जमीन मुलग्याची. 1999च्या कायद्याने मुलींना वारशात समान हक्क दिला. मग 2009च्या सुमारास देशभर नोंदणी सुरू झाली: हवाई छायाचित्रं हातात घेऊन गावातलीच प्रशिक्षित माणसं शेजाऱ्यांसमक्ष बांध दाखवून घेत फिरली, आणि काही वर्षांत एक कोटीहून जास्त तुकडे कागदावर आले. लग्न नोंदलेलं असेल तर दाखल्यावर नवरा-बायको दोघांची नावं. आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव चढवायला तलाठ्याकडे किती खेपा होतात, हे ज्यांनी केलंय त्यांना या कामाचा आवाका कळेल.

मात्र ‘लग्न नोंदलेलं असेल तर’ या अटीत पुष्कळ बायका अडकल्या. तिथे सोबत राहणारी, पोरंबाळं असलेली, पण सरकारी नोंद न केलेली कितीतरी जोडपी आहेत, आणि दुसरेपणावर नांदणाऱ्या बाईला तर कायदा बायको मानतच नाही. तिने वीस वर्षं कसलेल्या शेतावर तिचं नाव आपोआप येत नाही. या बायका खासदारांच्या संख्येत दिसत नाहीत, निर्देशांकाच्या क्रमातही नाहीत. तुम्ही हुकूमशाहीवर बोट ठेवलंत. मला वाटतं, या बायकांवर ठेवायला हवं होतं, तुम्हीही आणि मीही.

लेखाचं शीर्षक आज बदललं आहे. क्रमवारीचा तक्ता काढून टाकला, रोजगाराच्या आलेखाखाली दोन्ही व्याख्या लिहिल्या. माता-मृत्यूचा आलेख मात्र आहे तसाच ठेवलाय. नोंद नसलेल्या जोडप्यांच्या जमिनीवर वेगळा लेख लिहायला घेतलाय. टाकण्याआधी तुम्हाला पाठवू का?