रबरी हात, सूचना आणि दृष्टिहीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रबरी हाताच्या प्रयोगावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा लागली, दुसऱ्यांदा पटली; निदान अर्धी तरी. लेख न वाचलेल्यांसाठी: या प्रयोगात खरा हात आडोशाला लपवतात, समोर रबरी हात ठेवतात आणि दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवतात; थोड्या वेळात रबरी हातच आपला वाटू लागतो. तुमचे आक्षेप दोन आहेत. एक, रबरी हाताचा प्रयोग म्हणजे निव्वळ सूचनेचा खेळ, समोरच्याला काय ऐकायचंय ते ओळखून लोक "हो, हात माझाच वाटतोय" म्हणतात. दोन, शरीर आपलं वाटण्यात डोळ्यांचा एवढा वाटा असेल, तर अंधांना स्वतःचं शरीर परकं वाटायला हवं.

आधी एक कबुली, जी तुम्ही मागितलीही नव्हती. रबरी हात आपला वाटू लागला की खरा हात थंड पडतो, असं मी लेखात ठोकून दिलं होतं. २००८ साली तसा निष्कर्ष छापून आला होता खरा, पण पुढे इतरांनी पडताळून पाहिलं तेव्हा तो टिकला नाही. ते वाक्य काढून टाकतोय.

आता सूचनेबद्दल. तुम्ही एकटे नाही आहात. २०२० मध्ये पीटर लश आणि सहकाऱ्यांनी शेकडो लोकांची चाचणी घेऊन दाखवलं, की संमोहनातल्या सूचनांना जे चटकन प्रतिसाद देतात त्यांना हा भ्रमही जास्त जाणवतो. ही गोष्ट लेखात यायला हवी होती. पण दोन वर्षांनी स्लेटर आणि एरसन यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळली. दोन्ही ब्रश एकाच वेळी फिरवले की भ्रम वाढतो आणि वेगवेगळ्या वेळी फिरवले की ओसरतो, हा मूळ फरक सूचनेला न बधणाऱ्यांतही दिसतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे सूचनेचा हात आहे, पण सगळं काम तिचं नाही.

मी हा प्रयोग घरी केला होता. भांडी घासायच्या रबरी मोज्यात कापूस भरला, माझा डावा हात पुठ्ठ्याआड ठेवला आणि भाच्याच्या हातात रंगाचे दोन ब्रश दिले. मिनिटभर काहीच झालं नाही. कापसाने फुगलेलं ते ध्यान बघून हसूच येत होतं. मग कधीतरी गुदगुली पुठ्ठ्यामागे न होता तिथे, त्या पिवळ्या बोटावर व्हायला लागली. तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला, त्याचा एक हात रेंगाळला, आणि मोजा पुन्हा मोजा झाला. मला काय होणार ते आधीच ठाऊक होतं, त्यामुळे पुरावा म्हणून याची किंमत शून्य. तरी एक गोष्ट विसरता येत नाही: तो मोजा आहे हे त्या सगळ्या वेळात मला पक्कं माहीत होतं आणि त्या माहितीचा काडीचाही उपयोग होत नव्हता. मेंदूचा जो भाग "हे माझं" असा निवाडा देतो, तो आपलं मत विचारत नाही. डोळ्यांची साक्ष आणि त्वचेची साक्ष वेळेत जुळली, हाताची ठेवण सांध्यांकडून येणाऱ्या खबरीशी फार विसंगत नसली, की त्याला पुरे. म्हणूनच हाताच्या जागी लाकडाची काठी ठेवली किंवा रबरी हात आडवा फिरवला तर भ्रम सहसा उभा राहत नाही. त्साकिरिस आणि हॅगार्ड यांनी हे २००५ मध्येच दाखवलं होतं.

दुसरा आक्षेप मला जास्त आवडला. डोळे बांधूनही हा भ्रम होतो. प्रयोग करणारा तुमचं एका हाताचं बोट धरून रबरी हातावर टेकवत राहतो आणि त्याच क्षणी तुमच्या दुसऱ्या हातावर तिथेच स्पर्श करतो. थोड्या वेळात वाटू लागतं, आपण स्वतःच्याच हाताला हात लावतोय. दृष्टीची गरजच नाही, नाही का? पण हाच प्रयोग २०१२ मध्ये दृष्टिहीनांवर केला, तर त्यांना तो भ्रम झालाच नाही. त्यांचं शरीर त्यांना परकं मुळीच वाटत नाही. उलट, या बाबतीत त्यांना फसवणं अवघड आहे.

असं का, याचा धागा दुसऱ्या एका प्रयोगात मिळतो. दोन्ही हातांना पाठोपाठ टिचकी मारायची आणि आधी कुठल्या हाताला लागली ते विचारायचं. हात एकमेकांवरून ओलांडून ठेवले की डोळस माणसं गोंधळतात, कारण उजवा हात आता डाव्या बाजूला दिसायला हवा असतो. जन्मांध गोंधळत नाहीत. मोठेपणी दृष्टी गेलेले मात्र डोळसांसारखेच चुकतात. लहानपणी डोळ्यांनी आखून दिलेला नकाशा डोळे गेल्यावरही स्पर्श वापरतच राहतो.

करून बघणार असाल तर मोजा लपवलेल्या हाताच्याच बाजूचा घ्या, खऱ्या हातापासून वीतभरच लांब ठेवा, आणि हा लेख न वाचलेला माणूस समोर बसवा. ब्रश फिरवणाऱ्याला फोन बंद ठेवायला सांगा.